महिन्याचा उपक्रम आणि शाळेची रोजची घडी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या पूर्व भागातील एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या शिक्षिकेला संस्थेने येत्या वर्षासाठी ‘विविधता आणि सर्वसमावेशकता’ या विषयावर दरमहा एक उपक्रम याप्रमाणे वार्षिक नियोजन करायला सांगितले आहे. वर्गात चाळीस मुले आहेत. निम्म्यांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी दखनी उर्दू आणि उरलेल्यांच्या घरी मराठी. एका मुलाला कमी ऐकू येते व तो श्रवणयंत्र वापरतो. गेल्या वर्षी ‘आपला समाज, आपली ओळख’ या नावाने वेशभूषेचा कार्यक्रम झाला तेव्हा दोन पालकांनी तक्रार केली. सहकारी शिक्षकांचे म्हणणे असे की जयंत्या आणि पुण्यतिथ्यांतच इतका वेळ जातो की त्यात आणखी भर नको. अशा स्थितीत हे करावे का, आणि केले तर कसे, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर असे की उपक्रम जरूर करावेत, पण वर्षाला दहा न करता पाच किंवा सहाच करावेत. आखणीला बसताना ‘त्या दिवशी काय करायचे’ हा प्रश्न मागे ठेवून ‘हा महिना संपल्यावर शाळेच्या रोजच्या व्यवहारातील कोणती एक गोष्ट कायमची बदललेली असेल’ हा प्रश्न आधी घ्यावा. शहरात आणि तालुक्याच्या गावांत मिळून एकतीस वर्षे मी प्राथमिक शाळांत काढली, त्यातील शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून. या काळात घेतलेल्या उपक्रमांपैकी ज्यांनी असा एखादा बदल मागे ठेवला, तेवढेच मला आज दुसऱ्याला सांगण्यासारखे वाटतात. संस्थेने ‘दरमहा’ म्हटले असेल तर मधले महिने आधीचा बदल रुळवण्यासाठी ठेवले आहेत, असे नियोजनात स्पष्ट लिहावे. नवी सवय चाळीस मुलांच्या आणि बारा शिक्षकांच्या अंगवळणी पडायला दोन महिने सहज लागतात.

एकेक महिना एकेका समाजघटकासाठी राखण्याची रीत अमेरिकेतून आली आहे. कार्टर वुडसन या कृष्णवर्णीय इतिहासकाराने १९२६ मध्ये फेब्रुवारीतील एक आठवडा कृष्णवर्णीयांच्या इतिहासासाठी राखला, १९७६ मध्ये त्या आठवड्याचा महिना झाला, आणि पुढे स्त्रियांचा इतिहास, मूलनिवासींचा वारसा असे इतर महिने त्याच धर्तीवर आले. वुडसन यांना सतावणारी गोष्ट अशी होती की देशाच्या इतिहासाच्या पुस्तकांत त्यांच्या समाजाला जवळजवळ जागाच नव्हती, आणि ती उणीव भरून काढणे हे त्या आठवड्याचे काम होते. आपण ही रीत उचलताना सहसा तिचा उत्सव उचलतो आणि उणीव शोधण्याचे काम सोडून देतो. म्हणून नियोजन करण्यापूर्वी एक दिवस कागद घेऊन वर्गात बसावे आणि आपल्या शाळेच्या भिंतींवर, परिपाठात, हजेरीपटात, खेळाच्या तासाला, सहलीत, पालकसभेत कोण नाही, याची यादी करावी. महिन्याचे विषय त्या यादीतून निघायला हवेत.

अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ जेम्स बँक्स यांनी अशा प्रयत्नांच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या पायरीवर थोर व्यक्ती आणि सण यांची ओळख होते, दुसऱ्या पायरीवर अभ्यासक्रमाला एखादा जादा पाठ जोडला जातो, तिसऱ्यावर अभ्यासाचा विषयच वेगवेगळ्या समाजांच्या नजरेतून मांडला जातो आणि चौथ्यावर मुले एखाद्या प्रश्नाचा विचार करून स्वतः काही कृती करतात. आपल्या बहुतेक शाळा पहिल्याच पायरीवर उभ्या आहेत. तसबिरीला हार घालायचा, दोन हुशार मुलांनी पाठ केलेले भाषण म्हणायचे आणि फलकावर रंगीत खडूने मजकूर लिहायचा, एवढ्यावर दिनविशेष संपतो.

आता गेल्या वर्षीच्या तक्रारीकडे येतो, कारण तिच्यात बरेच शिकण्यासारखे आहे. एका पालकांनी सांगितले की आमचा मुलगा एरवी टोपी घालत नाही, मग शाळेने त्याला टोपी घालून यायला का सांगितले. दुसऱ्या पालकांनी विचारले की आमच्या मुलीला ‘तुमच्या समाजाचा पोशाख कोणता’ असे वर्गासमोर विचारण्याचे कारण काय. दोन्ही पालकांचे म्हणणे मला पूर्णपणे योग्य वाटते. वेशभूषेच्या अशा कार्यक्रमात मूल स्वतः म्हणून न येता आपल्या जातीचा किंवा धर्माचा नमुना म्हणून मंचावर येते. ज्या मुलांना एरवी वर्गात कोणी वेगळे समजत नव्हते, त्यांच्यावर त्या दिवसापासून एक चिठ्ठी चिकटते. मीही सुरुवातीच्या वर्षांत असे कार्यक्रम घेतले आहेत आणि त्याचे मला वाईट वाटते. त्या पालकांना शाळेत बोलावून, त्यांचे म्हणणे बरोबर होते असे स्पष्ट सांगावे आणि नव्या नियोजनाच्या बैठकीला त्यांनाच आधी बोलवावे. एक नियम कायमचा करावा की कोणत्याही मुलाला त्याच्या समाजाच्या वतीने बोलायला, सजायला किंवा काही आणायला सांगायचे नाही. मुलाने आपणहून काही सांगितले तर ते मनापासून ऐकावे, एवढेच.

याच कारणासाठी ‘प्रत्येकाने आपल्या घरचा खास पदार्थ आणावा’ हा लोकप्रिय कार्यक्रमही मी सुचवत नाही. डब्यात काय आहे यावरून ऐपत कळते, जात कळते, धर्म कळतो, आणि नाक मुरडणारे एखादे मूल प्रत्येक वर्गात असते. खाण्याच्या बाबतीत शाळेने एकच गोष्ट करावी. कोणाच्याही डब्यावर कोणीही शेरा मारायचा नाही हा नियम करावा आणि तो शिक्षकांच्या खोलीपासून पाळावा.

पुढे महिन्यांप्रमाणे विषय सांगतो; ते पाच-सहांहून जास्त आहेत, त्यांतले आपल्या यादीत बसतील तेवढेच निवडावेत. वर्षाची सुरुवात जूनमध्ये नावांपासून करावी. पूर्व भागातील शाळेत हा विषय लहान नाही. तेलुगू रीतीत घराण्याचे नाव आधी येते आणि स्वतःचे नंतर, तर आपल्या हजेरीपटात मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. तेलुगू आडनावांतील जोडाक्षरे मराठी शिक्षकाच्या तोंडी सैल होतात. चिप्पा, म्याकल, बुर्रा, गाजूल अशी आडनावे कागदावर एका प्रकारे, दाखल्यावर दुसऱ्या प्रकारे आणि आधार कार्डावर तिसऱ्याच प्रकारे लिहिलेली मी पाहिली आहेत. माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिचे आडनाव आम्ही सर्व शिक्षक चार वर्षे चुकीचे उच्चारत होतो, आणि चौथीत पोहोचेपर्यंत ती स्वतःही आमच्यासारखेच उच्चारू लागली होती. तिची आजी एकदा शाळेत आली तेव्हा तिने बाकावर बसून तीन वेळा ते नाव नीट म्हणून दाखवले. त्या दिवसापासून मी पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाकडून त्याचे नाव त्याच्या घरच्या उच्चाराने ऐकतो आणि हजेरीपटाच्या मागच्या पानावर उच्चार लिहून ठेवतो. वर्ग दुसऱ्या शिक्षकाकडे जातो तेव्हा ते पानही त्याच्याकडे जाते. खर्च काहीच नाही आणि वेळ जेमतेम एक तास लागतो.

जूनमध्येच २६ तारखेला राजर्षी शाहू महाराजांची जयंती सामाजिक न्याय दिन म्हणून येते. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये करवीर संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, ही माहिती मुलांना सांगाच. पण त्याच दिवसांत शाळेत काय चाललेले असते तेही पाहावे. शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी वर्गात उभे राहून ‘अमुक प्रवर्गाच्या मुलांनी हात वर करा’, ‘जातीचा दाखला राहिलेल्यांनी उभे राहा’ असे पुकारले जाते, मोफत गणवेशाची यादी मोठ्याने वाचली जाते, आणि शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांवर आलेल्या मुलांचा उल्लेख काही शाळांत ‘आरटीईची मुले’ असा सर्रास होतो. कार्यालयाची सोय म्हणून हे घडते हे मला ठाऊक आहे, तरी ज्या मुलाला उभे राहावे लागते त्याच्या मनात ते वर्षानुवर्षे राहते. शाहू जयंतीच्या महिन्याचा कायमचा बदल हाच असावा की अशी सर्व कागदपत्रे बंद पाकिटातून, पालकांमार्फत, कार्यालयात घ्यायची आणि कोणत्याही मुलाचा प्रवर्ग वर्गात उच्चारायचा नाही. सामाजिक न्यायावरच्या दहा भाषणांपेक्षा हे मला महत्त्वाचे वाटते.

ऑगस्टच्या अखेरीचा विमुक्त दिन आपल्या शहराच्या इतिहासाशी जोडलेला असूनही बहुतेक शाळांत त्याचा उल्लेख होत नाही. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले, आणि त्यांना कुंपणाच्या आत ठेवून हजेरी घेण्यासाठी वसाहती उभारल्या. सोलापुरात अशी वसाहत होती, आणि त्या भागाला लोक आजही सेटलमेंट म्हणतात; रिक्षावालाही तेच नाव सांगतो, पण ते कशावरून पडले हे शाळेतील फार थोड्या मुलांना ठाऊक असते. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, हा कायदा रद्द झाला आणि म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो.

हा विषय तिसरी-चौथीच्या मुलांना सांगता येतो का, असे मला अनेकदा विचारले गेले आहे. माझ्या अनुभवात तो उत्तम रीतीने सांगता येतो, फक्त वर्गात कोणत्याही जमातीचे नाव घ्यायचे नाही आणि कोणत्याही मुलाकडे पाहून बोलायचे नाही. मी असे सांगत असे की एक कायदा होता, त्या कायद्याने मूल जन्मले की लगेच त्याला चोर ठरवले जाई, त्याने काही केलेले असो वा नसो; तुम्हाला हे कसे वाटते? मुलांना अन्याय फार लवकर कळतो. ती विचारतात की पोलिसांनी असे का मानले, त्या मुलांना शाळेत घेत होते का, कुंपण कोणी काढले. एवढे झाले की आपल्याच वर्गात काय होते ते विचारावे. कंपासपेटी हरवली की संशय कोणावर जातो? कोणाचे दप्तर आधी तपासले जाते?

या प्रश्नावर एक घटना सांगतो. मी नोकरीला नवा असताना एका शाळेत वर्गातील सहलीचे पैसे हरवले. आम्ही शिक्षकांनी एकाच मुलाचे दप्तर उलटे केले, कारण तो कोणत्या वस्तीतून येतो हे सर्वांना माहीत होते. पैसे दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्याच कपाटातील वहीत सापडले. तो मुलगा त्यानंतर शाळेत आला नाही. मी दोनदा घरी जाऊन आलो, त्याच्या आईने दारातूनच नमस्कार केला आणि आत गेली. हे मी आजही विसरू शकत नाही. पुढे मी जिथे जिथे होतो तिथे दोन नियम ठेवले. पैसे वर्गात गोळा करायचे नाहीत, पालकांनी कार्यालयात भरायचे; आणि हरवलेल्या वस्तूसाठी एकट्या मुलाचे दप्तर कोणत्याही परिस्थितीत तपासायचे नाही. वर्गाच्या दाराशी एक खोके ठेवावे, सापडलेली वस्तू कोणीही त्यात टाकावी, आणि ती कोणी टाकली हे विचारू नये. बऱ्याच वस्तू त्या खोक्यात परत आल्या.

सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये नवे काही घेऊ नये. गणेशोत्सव, नवरात्र, सत्र परीक्षा यांत शाळा गुंतलेली असते. नोव्हेंबरमध्ये ७ तारखेचा विद्यार्थी दिन येतो, तो दिवाळीच्या सुट्टीत गेला तर सुट्टीनंतर घ्यावा. १९०० साली त्या दिवशी बाबासाहेब आंबेडकरांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. हा दिवस आणि २६ नोव्हेंबरचा संविधान दिन एकत्र धरून, शाळेत मधल्या काळात दाखल होणाऱ्या मुलाचे स्वागत कसे करायचे यावर विचार करावा. आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीमुळे वर्षाच्या मध्यात येणारी आणि जाणारी मुले बरीच असतात. नव्या मुलाला पहिले पंधरा दिवस सोबत करणारा एक वर्गमित्र नेमून द्यावा, इतके पुरते.

संविधानाचा विषय निघाला म्हणून धार्मिक प्रसंगांबद्दल सांगतो, कारण तक्रारी बहुधा तिथूनच येतात. अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या कलमाप्रमाणे, सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणत्याही विद्यार्थ्याला, त्याच्या स्वतःच्या किंवा तो अज्ञान (अल्पवयीन) असल्यास पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहायला लावता येत नाही. आषाढीला शाळेची दिंडी निघते तेव्हा टाळ वाजवणाऱ्या मुलांत सर्व धर्मांची मुले आनंदाने असतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही. ज्या मुलाला किंवा पालकांना नको असेल त्याला कारण न विचारता दुसरे काम द्यावे, आणि ते काम शिक्षेसारखे नसावे.

डिसेंबरमध्ये ३ तारखेला जागतिक दिव्यांग दिन असतो, आणि तुमच्या वर्गातील कमी ऐकू येणाऱ्या मुलामुळे हा महिना तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. या दिवशी मुलांच्या डोळ्यांना पट्टी बांधून किंवा कानात बोळे घालून ‘त्यांना कसे वाटते’ ते दाखवण्याची पद्धत आहे. ती मी सोडून दिली. पट्टी बांधलेले मूल पाच मिनिटांत घाबरते, पट्टी काढल्यावर सुटकेचा श्वास टाकते आणि दिव्यांग मुलाबद्दल त्याच्या मनात फक्त कीव उरते. ते मूल रोज किती युक्तीने वावरते ते त्याला कळत नाही.

त्यापेक्षा वर्गाकडे पाहावे. पूर्व भागातील शाळेच्या खिडकीतून यंत्रमागाची खटखट दिवसभर येते. सवयीमुळे आपल्या कानाला ती जाणवत नाही, पण श्रवणयंत्र शिक्षकाच्या आवाजाबरोबर मागाचा आवाजही मोठा करते, बाक सरकल्याचाही, पंख्याचाही. यंत्र लावले की मुलाला सगळे ऐकू येते, हा शिक्षकांचा समज चुकीचा आहे. अंतर वाढले की यंत्राचा उपयोग झपाट्याने कमी होतो. म्हणून त्या मुलाला मागाच्या बाजूच्या खिडकीपासून दूर, शिक्षकापासून दीड-दोन मीटरच्या आत आणि शिक्षकाच्या चेहऱ्यावर उजेड पडेल अशा जागी बसवावे. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. आधी लिहावे, मग वळून बोलावे. दुसऱ्या मुलाने उत्तर दिले की ते शिक्षकाने पुन्हा म्हणावे, कारण मागच्या बाकावरून आलेले उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. बाकांच्या पायांना कापडाच्या गाठी बांधाव्यात. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यातील कात्रणे मागितली तर सहज मिळतात, आणि वर्गाचा गोंगाट निम्म्याने कमी झाल्यासारखा वाटतो. यातील प्रत्येक गोष्टीचा फायदा चाळीसही मुलांना होतो, त्यामुळे त्या मुलाला वेगळे काढल्यासारखे वाटत नाही.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत, आणि त्यांत वाचन-लेखनातील विशिष्ट अडचणीही येतात. ज्या मुलांना आपण आळशी किंवा ‘ढ’ म्हणतो त्यांतील काहींची अडचण तीच असते. तालुक्याच्या गट साधन केंद्रातील किंवा महापालिकेच्या शहर साधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञ शिक्षकांना डिसेंबरमध्येच बोलवावे, आणि त्यांना कार्यक्रमात सत्कारासाठी न बसवता वर्गात मुलांसोबत दोन तास बसू द्यावे.

जानेवारीत सोलापूरच्या शाळेला विषय शोधावा लागत नाही. १२ जानेवारीला राजमाता जिजाऊ आणि स्वामी विवेकानंद यांची जयंती असल्यामुळे आपल्या शहराचा स्वतःचा दिवस मागे पडतो. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटले, शहरात लष्करी कायदा लावला गेला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. चार नावे वाचली तरी चार वेगवेगळे समाज डोळ्यांसमोर येतात. त्याच आठवड्यात शहराचे ग्रामदैवत सिद्धेश्वर, म्हणजे सिद्धरामेश्वर, यांची गड्ड्याची यात्रा असते, आणि यात्रेतील सात नंदीध्वजांचा (सजवलेल्या उंच काठ्यांचा) मान वेगवेगळ्या समाजांकडे आहे.

चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी आम्ही चौथीची मुले घेऊन गेलो होतो. एका मुलाने विचारले, “सर, यांतला आपला कोणता?” मी लगेच उत्तर दिले नाही. परत आल्यावर चार-चारचे गट केले आणि प्रत्येक गटाला एकेका हुतात्म्याची माहिती घरी, शेजारी विचारून आणायला सांगितली. चिठ्ठ्या टाकून गट केल्यामुळे कोणाला कोण मिळेल हे ठरलेले नव्हते. कुर्बान हुसेन यांच्याबद्दल सर्वांत जास्त माहिती एका तेलुगू घरातील मुलीने आणली, तिच्या आजोबांकडून. त्या महिन्यात जो बदल केला तो बसण्याच्या जागेचा. तोवर मुले आपापल्या पेठेप्रमाणे बसत, म्हणजे घराशेजारचे मूल बाकावरही शेजारी. तेव्हापासून दर सोमवारी चिठ्ठीने जागा बदलू लागल्या. कमी ऐकू येणारे किंवा कमी दिसणारे मूल मात्र या चिठ्ठीतून वगळावे, त्याची जागा ठरलेली असावी आणि त्याचा शेजारी बदलावा.

फेब्रुवारी हा भाषांचा महिना. १९५२ मध्ये ढाक्यात बंगाली भाषेसाठी विद्यार्थ्यांनी प्राण दिले तो दिवस २१ फेब्रुवारीचा. युनेस्कोने १९९९ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन म्हणून जाहीर केला. लगेच २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन येतो, आणि घरी तेलुगू बोलणारी मुले असलेल्या वर्गात हे दोन्ही दिवस एकमेकांना पूरक कसे होतील हे शिक्षकाच्या हाती असते. मी मागापासून सुरुवात करीत असे. मराठीत माग, कन्नडमध्ये मग्ग, तेलुगूत मग्गम. फळ्यावर तीन शब्द लिहिले की अर्ध्या वर्गाचे चेहरे उजळतात, कारण हा शब्द त्यांच्या घरात रोज ऐकू येतो. नंतर मीठ घ्यावे: तेलुगूत उप्पु, कन्नडमध्येही उप्पु, उर्दूत नमक. मग मुलांना एक कोडे घालावे. दुधाला तेलुगूत पालु आणि कन्नडमध्ये हालु, वाघाला तेलुगूत पुलि आणि कन्नडमध्ये हुलि, फुलाला तेलुगूत पुव्वु आणि कन्नडमध्ये हूवु. यात काय दिसते? ‘प’ चा ‘ह’ झाला हे एखादे मूल ओरडून सांगते, आणि मग वर्ग स्वतःच पुढचे शब्द शोधू लागतो. भाषाशास्त्रातील एक खरा नियम आठ-नऊ वर्षांच्या मुलांनी स्वतः शोधून काढलेला असतो, आणि त्या तासाला सर्वांत जास्त माहिती असलेली मुले तीच असतात जी मराठीच्या तासाला गप्प बसतात.

मराठीचा गौरव यामुळे कमी होत नाही. अण्णा, अक्का हे शब्द कन्नडशी आपले नाते सांगतात. दप्तर, हजेरी, शाई, कागद हे शाळेतले रोजचे शब्द फारसी आणि अरबीतून आले. तेलुगू आणि कन्नड या भाषांना २००८ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये. म्हणजे तुमच्या वर्गात तीन अभिजात भाषा बोलल्या जातात. ज्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला सारे शहर लोटते, त्यांची वचने कन्नडमध्ये आहेत. हे मुलांना सांगितले की कन्नड बोलणारे मूल ताठ बसते.

या महिन्याचा कायमचा बदल शिक्षकांना जड जाईल, हे आधीच सांगून ठेवतो. वर्गात घरची भाषा बोलल्याबद्दल मुलाला टोकणे पूर्ण बंद करायचे. ‘मराठीत बोल’ हे वाक्य आपल्या तोंडून दिवसाला किती वेळा निघते ते मोजून पाहावे. पहिलीतील मुलाला पाणी प्यायला जायचे असते तेव्हा त्याला ‘नीळ्ळु’ म्हणू द्यावे आणि आपण ‘पाणी हवे का, जा’ असे मराठीत म्हणावे. शब्द त्याच्या कानावर पडतो आणि अपमान होत नाही. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे संविधानाचा अनुच्छेद ३५०-क सांगतो. पालकांनी विचारपूर्वक मराठी माध्यम निवडले असेल तर आपण मराठी उत्तम शिकवायचीच, पण घरची भाषा दाराबाहेर ठेवायला लावून नव्हे. ज्या वर्षी आम्ही टोकणे थांबवले त्या वर्षी पहिलीतील मुले दिवाळीपर्यंत मराठीत जास्त बोलू लागली, असा माझ्या शाळेचा अनुभव आहे.

मार्चमध्ये महिला दिन येतो. पूर्व भागातील पुष्कळ मुलांच्या आया विड्या वळतात. त्यांना मंचावर बोलावून साडी देऊ नये. पालकसभेची वेळ त्यांच्या कामाच्या वेळेप्रमाणे बदलावी, कारण सभेला गेलेला अर्धा दिवस म्हणजे त्यांची बुडालेली मजुरी असते. संध्याकाळी साडेसहाला सभा ठेवली तेव्हा आमच्याकडे उपस्थिती दुपटीहून अधिक झाली होती.

सहकाऱ्यांचा वेळेबद्दलचा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय एवढाच की या उपक्रमांसाठी वेगळा तास मागू नये. नावांचे काम हजेरीत होते, भाषेचे काम भाषेच्या तासात, हुतात्म्यांचे काम परिसर अभ्यासात, बाकांच्या गाठींचे काम कार्यानुभवात. कोणत्याही सहकाऱ्याला पहिल्या वर्षी सक्ती करू नये. तुमच्या एका वर्गात बदल दिसला की शेजारच्या वर्गातील शिक्षिका आपणहून विचारायला येतात.

राहिला अहवालाचा प्रश्न, कारण संस्था आणि केंद्रप्रमुख छायाचित्रे मागतील. मुलांची छायाचित्रे पाठवताना कोणत्याही मुलाच्या नावासोबत त्याचा समाज किंवा दिव्यांगत्व लिहू नये. त्याबरोबर एक दोनशे पानी वही ठेवावी. प्रत्येक महिन्याला एक पान द्यावे, डाव्या बाजूला ‘आतापर्यंत काय होत होते’ आणि उजव्या बाजूला ‘आता काय होते’ असे दोन रकाने आखावेत, आणि तीन महिन्यांनी त्याच पानावर बदल टिकला की नाही ते तारखेसह लिहावे. टिकला नसेल तर तसे लिहावे आणि पुढचा विषय न घेता तोच पुन्हा घ्यावा. माझ्या वहीत दप्तर न तपासण्याचा नियम तीनदा लिहिला गेला आहे, कारण दोनदा तो मोडला.

१५ जूनला शाळा उघडेल. त्याआधी दोन कामे करून ठेवावीत. गेल्या वर्षी तक्रार केलेल्या त्या दोन पालकांच्या घरी जाऊन यावे, आणि हजेरीपटाच्या मागच्या पानावर चाळीस ओळी आखून ठेवाव्यात.